इस्पंज तेरा

ऑपरेशन थिएटरच्या प्रमुख सिस्टरांना रक्ताचं काही वाटत नसे. बावीस वर्षांत माणसाच्या आत जे जे बघण्यासारखं असतं ते सगळं त्यांनी बघितलं होतं आणि नंतर शांतपणे डबा खाल्ला होता. पण कुणी 'बिल्डप्रेशर' म्हटलं की त्यांचं स्वतःचं ब्लडप्रेशर चढायचं.

'एक्सरा', 'इंजिक्शन' आणि 'हाटेक' ही तर रोजची मंडळी. त्यांच्याशी सिस्टरांचं बावीस वर्षांचं वैर होतं. कुणा पेशंटच्या भावाने 'आक्शिजन लावा हो' म्हणून हंबरडा फोडला, तर सिस्टरांनी त्याला आधी 'ऑक्सिजन' म्हणायला लावलं, असं लोक सांगत. ते साफ खोटं. त्यांनी आधी ऑक्सिजन लावला होता आणि मग म्हणायला लावलं होतं.

घरी नवरा 'फरिज' म्हणायचा. लग्नानंतर पाच वर्षं त्या बिचाऱ्याने दुरुस्त्या निमूट ऐकून घेतल्या, मग डोकं चालवलं. आता तो "दूध शीतकपाटात ठेवलंय" असं सांगतो, 'पिच्चर'ऐवजी चित्रपटाला जाऊ या म्हणतो, आणि रिमोट हवा असला की नुसतं बोट दाखवतो. वय वाढेल तसा नवऱ्याला भाषेचा अभिमान वाटायला लागलाय, अशी सिस्टरांची प्रामाणिक समजूत होती.

पाठीमागे सगळे त्यांना 'डिक्शनरी' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांची हरकतही नव्हती. हरकत एवढीच, की निम्मे लोक 'डिक्षनरी' म्हणत.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. सर्जन, म्हणजे थिएटरातले सर, दिवसातून दहा वेळा 'प्राब्लेम' म्हणत, आणि तो सिस्टरांना कधीच ऐकू आला नाही. त्यांचे कान वरच्या दिशेला जरा मंदच होते. दुरुस्ती नेहमी खालच्या दिशेने व्हायची.

हे वेड आलं कुठून, तर सांगतो. अठराव्या वर्षी त्या नर्सिंगच्या शाळेत आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी भर वर्गात 'ठेटर' म्हणाल्या. प्राचार्य बाईंनी त्यांना उभं करून चाळीस वेळा 'थिएटर' म्हणायला लावलं. विसाव्या वेळेला वर्ग हसायचा थांबला, तिसाव्या वेळेला सिस्टर रडायच्या थांबल्या. तेव्हापासून जे काही कमावलं ते त्या चाळीस वेळांच्या जोरावर, असं त्या मानत. आपल्याला जे कडू औषध लागू पडलं ते दुसऱ्याला द्यायचं, यात वाईट काय?

थिएटरात मावशी होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, कामाला वाघ. फरशी, बादल्या, चादरी, पेशंटला टेबलावर घेणं, सगळं त्यांच्याकडे. कंत्राटावरची नोकरी, दर सहा महिन्यांनी नवा कागद. एक लाल शेरा पडला की कागद येत नसे. आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

मावशींकडे आणखी एक काम होतं. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला कापडाच्या जाड घड्या वापरतात, त्यांना स्पंज म्हणतात. पोट शिवायच्या आधी दिलेले सगळे स्पंज परत मोजायचे. एखादा आत राहिला तर तो आत सडतो आणि माणूस जातो, इतका साधा हिशेब. म्हणून नियमही साधा. वापरलेले स्पंज मावशींनी बादलीतून काढून चादरीवर पाच-पाचच्या ओळीत मांडायचे आणि वस्तूचं नाव घेऊन आकडा मोठ्याने सांगायचा. सिस्टरांनी तो जसाच्या तसा परत म्हणायचा. मग फळ्यावर लिहायचा.

मावशी म्हणायच्या, "इस्पंज पाच." आणि सिस्टरांच्या डोक्यात तिडीक जायची. त्या 'स्पंज' म्हणत, मावशी मान खाली घालून 'स्पंज' म्हणत, आणि काम पुढे सरके. अशी सहा वर्षं गेली. आकडा परत म्हणायचा आणि फळ्यावर लिहायचा असतो ही गोष्ट या शिकवणीत कधी गळून पडली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मोजणी रोज जुळत होती, मग लक्षात तरी कशाला येतंय.

त्या दिवशी टेबलावर शाळेची बस चालवणारा माणूस होता. चाळिशीचा, आतड्याला पीळ पडलेला. बाहेर बाकावर त्याची बायको त्याच्या चपला पिशवीत घेऊन बसली होती. तीन तास काम चाललं, ट्रॉलीवर वीस स्पंज घेतले होते. शेवटी सिस्टरांच्या ट्रॉलीवर सहा कोरे उरले, म्हणजे मावशींकडे चौदा हवे.

"इस्पंज तेरा," मावशी म्हणाल्या.

"स्पंज," सिस्टर म्हणाल्या.

"स्पंज," मावशी म्हणाल्या.

सरांनी मोजणी विचारली. सिस्टरांनी पूर्ण आहे म्हणून सांगितलं, वीसच्या वीस. त्या खोटं बोलल्या असं कुणी म्हणू नये. आकडा त्यांच्या कानाच्या दारात येऊन उभा होता, पण कान त्या 'इ'शी भांडण्यात गुंतलेला. मग डोक्याने परस्पर चौदा धरून टाकले, कारण चौदाच असायला हवे होते.

सरांनी दोरा घेतला. एक टाका पडला. मावशींनी आता बादली उचलायची, ती त्यांनी उचलली नाही. सिस्टरांनी डोळ्यांनीच खुणावलं. मावशी जागच्या हलल्या नाहीत. दुसरा टाका पडला. मावशींच्या तोंडावरचा मास्क थोडा हलला आणि थांबला. बाईला बरं वाटत नाहीये की काय, असं सिस्टरांच्या मनात आलं, आणि नसेलच वाटत तर पाच मिनिटं कळ काढायला काय होतंय, असंही आलं. तिसरा टाका पडला, चौथा पडला.

"सिस्टर," मावशी म्हणाल्या, "एक कमी आहे."

सरांचा हात थांबला. सिस्टरांनी चादरीवर नजर टाकली. दोन ओळी भरलेल्या, तिसरीत तीन. त्यांनी पुन्हा मोजले, आणि मग जणू मोजून वाढतील तसे तिसऱ्यांदा मोजले. बादली उलटी केली. टेबलाखाली वाकून बघून झालं, चादरींच्या घड्या झटकून झाल्या, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी उभं राहून स्वतःच्या चपलांचे तळ दाखवले. कुठेच नाही. सरांनी अवाक्षर न काढता चारही टाके कापले आणि हात आत घातला.

तो यकृताच्या मागे होता. रक्ताने इतका भिजलेला, की आतल्या सगळ्याच्याच रंगाचा झालेला. सरांनी तो चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, चौदा. तो दिवसभरातला त्यांचा शेवटचा शब्द होता.

पोट शिवून होईपर्यंत सिस्टरांनी सगळं बिनचूक हातात दिलं. नंतर हात धुताना नळ बंद करायचा राहून गेला.

बाहेर बाकावरची बायको उठून उभी राहिली. "ऑप्रेशन चांगलं झालं म्हणे," ती म्हणाली, आणि तुमचे फार उपकार झाले म्हणून सिस्टरांचा हात धरला. सिस्टर हो म्हणाल्या. बावीस वर्षांत 'ऑप्रेशन' पहिल्यांदाच न अडता पुढे गेलं.

अशी गोष्ट झाली की फॉर्म भरावा लागतो. मेट्रनबाई जुन्या, सिस्टरांवर जीव असलेल्या. त्यांनी दार लावून घेतलं, खुर्ची दिली आणि मजकूर स्वतःच तयार ठेवला होता तो पुढे सरकवला. एकच ओळ होती. सहाय्यकाने आकडा स्पष्ट उच्चारला नाही. खाली सही करायची, की झालं. सिस्टरांची नोंद कोरी राहील, मावशींचा कागद सहा महिन्यांनी येणार नाही, पेशंट तर वाचलाच आहे.

सिस्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. हे खरं नाही असं काहीतरी पुटपुटल्या.

"खोटं काय आहे यात?" मेट्रनबाई म्हणाल्या. "त्या बाईला धड बोलता येत नाही, हे तूच तर रोज येऊन सांगतेस."

सिस्टरांनी कागद उचलला. तो घेऊन त्या मागच्या मोरीत गेल्या. मावशी बादली घासत होत्या. सिस्टर दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, मावशी, तुम्ही नक्की काय म्हणालात? मावशींनी नळ बंद केला, पदराला हात पुसले. त्यांना वाटलं, आता बोलायची परीक्षा आहे.

"मी तेरा म्हटलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्पंज म्हणालात. मला वाटलं, चौदावा कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक असेल."

मग लगेच पुन्हा का नाही बोललात, असं सिस्टरांनी विचारलं. चार टाके पडेपर्यंत गप्प का राहिलात? हे विचारताना त्यांचा आवाज चढला, आणि आपला आवाज चढलाय हे त्यांना ऐकू आलं.

मावशींनी घासलेली बादली उपडी ठेवली. "काउंट म्हणू की नको, स्पंज म्हणू की नको," त्या म्हणाल्या. "एकही इंग्रजी शब्द नसलेलं वाक्य जुळवत होते, सिस्टर. म्हणून वेळ लागला."

सिस्टरांना एकदम त्या बसवाल्याचं पोट दिसलं, आणि त्याच्या पलीकडे बादलीपाशी उभी राहून मनातल्या मनात शब्द निवडणारी ही बाई. लाज वाटली. त्या वर्गात चाळीस वेळा 'थिएटर' म्हणतानाही इतकी वाटली नव्हती.

फॉर्म त्यांनी तिथेच, औषधांच्या रिकाम्या खोक्यावर ठेवून भरला. मेट्रनबाईंची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: सहाय्यकाने 'इस्पंज तेरा' असं मोठ्याने आणि स्पष्ट सांगितलं. मी आकडा ऐकला नाही, शब्द दुरुस्त केला. सहा वर्षं मी हेच करत आले आहे. शेवटच्या वाक्याची गरज नव्हती, असं मेट्रनबाई नंतर डोक्याला हात लावून म्हणाल्या. फॉर्ममध्ये त्याला जागाही नव्हती, ते समासात उभं लिहावं लागलं होतं.

मावशींचा कागद शाबूत राहिला. सिस्टरांचं प्रमुखपद गेलं. ट्रॉलीवर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेली धाकटी सिस्टर उभी राहणार होती. त्यांना स्वतःला बादलीच्या बाजूला, मावशींशेजारी फळ्यापाशी उभं केलं गेलं. मावशी सांगणार, धाकटी परत म्हणणार, सिस्टर लिहिणार. बावीस वर्षांनी हातात खडू. नवऱ्याला त्यांनी घरी हे सांगितलं, तेव्हा तो बिचारा इतका गडबडला की सांत्वन कोणत्या भाषेत करावं ते त्याला कळेना.

सोमवारी पहिलं ऑपरेशन लागलं. मावशींनी पहिली ओळ मांडली.

"पाच," त्या म्हणाल्या.

पुढे काही नाही. नियमाप्रमाणे नाव घ्यावं लागतं, म्हणून धाकटीने ट्रॉलीवरून विचारलं, पाच काय? मावशी चादरीकडे बघत राहिल्या. त्यांचा मास्क हललासुद्धा नाही. सरांनी मान वर केली.

"इस्पंज पाच," सिस्टर म्हणाल्या. चांगल्या खणखणीत आवाजात.

"स्पंज," धाकटी म्हणाली. तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. तिचं तोंड आपोआप चाललं होतं, शिकवणीच तशी होती.

सिस्टरांनी खडू खाली ठेवला. "आकडा किती सांगितला?" त्यांनी विचारलं.

मास्कच्या वर धाकटीचे डोळे मोठे झाले. ती चादरीकडे वळून मोजायला लागली.

"मोजू नका. ऐकलात किती?"

धाकटीला ते खरंच माहीत नव्हतं.

मग मावशी एक पाऊल पुढे आल्या. लहान मुलाला घास भरवताना बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "पाच. इस्पंज पाच."

"इस्पंज पाच," धाकटी म्हणाली.

सिस्टरांनी खडू उचलला आणि फळ्यावर पाच लिहिला.