सल्ल्याच्या खोलीचं दार

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे. दुपारचं ऊन पायाशी आलं की मला डुलकी लागते आणि आपण अजून झाडच आहोत अशी स्वप्नं पडतात. मग वारा नसतानाही माझी करकर सुरू होते. लोक म्हणतात, बिजागरीत तेल घाला. घालत मात्र कुणी नाही!

सुताराने मला घडवलं तेव्हा सगळे म्हणाले होते, काय देखणं दार आहे. पुढे मला या कार्यालयात बसवलं. इथे परदेशातून आलेली माणसं येतात. या देशात राहायची परवानगी कशी मिळवायची, ते आतल्या खोलीतल्या सल्लागार ताईंना विचारतात. ताईंचा एक नियम आहे. सोबत नवरा असो, भाऊ असो नाहीतर आणखी कुणी, ज्याचं काम त्याच्याशी त्या आधी एकट्यानेच बोलतात. तेव्हा मी लागायचं आणि मूग गिळून बसायचं. भिंतीला कान असतात म्हणे. मला पोट आहे, सगळं त्यातच राहतं.

पण माझी कडी झिजली. सुतार 'उद्या येतो' म्हणायचा आणि त्याचा उद्या काही उजाडत नव्हता. मला कितीही लावलं तरी बोटभर फट राहायचीच.

अशातच एक मुलगी आली, जेमतेम विशीची. सोबत एक गृहस्थ होते, म्हणाले मी हिचा काका. तिचं नाव त्यांनीच सांगितलं, वयही त्यांनीच. तिला भाषा येत नाही, मी सांगतो ना सगळं, म्हणाले. पासपोर्टही त्यांच्याच खिशात. ताईंनी गोड बोलून त्यांना बाहेर पाठवलं. ते खुर्ची ओढून मला अगदी खेटून बसले.

ताईंनी दुभाषी बाईंना फोनवर घेतलं आणि मुलीला विचारलं, काकांकडे कशी आहेस? मजेत, म्हणाली. जेवणखाण? चांगलं. कामाचा त्रास? अजिबात नाही. ताई तसंच लिहून घेणार, एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, मुलगी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या फटीकडे बघत होती. फटीत काकांचा बूट दिसत होता.

माझा जीव नुसता तुटत होता.

ताई उठल्या. त्यांनी मला घट्ट लोटलं, आपली खुर्ची आणून मध्ये लावली आणि मला पाठ टेकून बसल्या. इतक्या वर्षांत असं कुणी टेकलं नव्हतं. क्षणभर वाटलं, आपल्या सावलीत कुणी विसावलंय.

ताईंनी घाई केली नाही. मग मुलगी अगदी हळू म्हणाली, "ते माझे काका नाहीत. मला परत त्यांच्या घरी पाठवू नका."

"तुला नाही ना जायचं? मग नाही जायचं," ताई म्हणाल्या.

पुढे काय करायचं, तेही त्यांनी तिलाच विचारलं. बाहेरून टकटक झाली, मग धक्के बसले. ताई हलल्या नाहीत, मीही नाही. ताईंनी फोन करून बोलावलेल्या, महिलांच्या निवाऱ्यातल्या बाई मागच्या दाराने आल्या आणि तिला घेऊन गेल्या.

मित्रांनो, दाराची कडी वेळेवर दुरुस्त करा, एवढं माझं मागणं आहेच. पण त्याहून मोठं एक आहे. कुणी 'मी मजेत आहे' म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. दाराबाहेर कोण बसलंय, ते आधी बघा.