कागदावरचा मोनोमर

रसायनशास्त्राच्या वर्गातली पोरं त्याला कात्रीसर म्हणत. पॉलिमरची लांबलचक साखळी फळ्यावर काढायची, परत परत येणारा तुकडा हेरायचा, दोन्हीकडून खडूने कापायचा आणि मधे दुहेरी बंध द्यायचा, की झाला मोनोमर तयार. ज्या लहान रेणूपासून साखळी बनली तो असा हातात यायचा. वीस वर्षं त्याने हेच केलं.

बहिणीच्या माघारी तिची मुलगी त्याच्याकडेच वाढली. औषधशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेची तिची ही तिसरी, आणि नियमाप्रमाणे शेवटची खेप. तिला तो वर्गापेक्षा चार गोष्टी जास्तच शिकवायचा. मामाची माया, दुसरं काय!

"पॉलिविनाइल अल्कोहोलला मात्र कात्री लावायची नाही हं," त्याने बजावलं होतं. "कापलंस तर विनाइल अल्कोहोल येतं, आणि ते क्षणभर टिकत नाही, लगेच दुसरंच काहीतरी होऊन बसतं. कारखान्यात विनाइल ॲसिटेटची साखळी करतात आणि मग ती बदलून घेतात. तेच लिही."

नेमका तोच प्रश्न आला. पर्यायांत दोन्ही नावं होती. तिने मामाचं उत्तर निवडलं. उत्तरतालिकेने विनाइल अल्कोहोल बरोबर धरलं आणि ती एका गुणाने राहिली.

त्याने हरकत घेतली, चार पुस्तकांची पानं जोडली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दोन ओळींचं उत्तर आलं: तज्ज्ञांनी तपासलं आहे, बदल नाही. तज्ज्ञ म्हणे! डोळे मिटून कात्री चालवली होती मेल्यांनी.

भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मामा, तुझ्या वर्गातल्या त्या ढ पोराने कापलं आणि मोकळा झाला. त्याला मिळाला गुण."

"अगं, पण चूक आहे ते."

"असू दे ना. मलाही ढच ठेवायचं होतंस."

पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि आपल्याच हाताने तिच्या पायावर धोंडा पाडला, तोही खरं सांगून.

"नव्या पोरांना तरी नीट सांग," ती म्हणाली आणि वह्यांचा गठ्ठा बांधू लागली.

सकाळी वर्गात पॉलिविनाइल अल्कोहोलची साखळी आली. त्याने ती काढली, कापली, दुहेरी बंध दिला आणि खाली नाव लिहिलं.

"सर, हे असंच असतं ना?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"असंच," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी उतरवून घेतलं.