उलट्या तोंडाचा ट्रक

रणजीत गेला त्या दिवशी लक्ष्मणराव एकच वाक्य बोलले होते. "हँडब्रेक लावला हुता पोरानं." छातीत कळ आली तसा पोराने नाशिक हायवेला ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. म्हाताऱ्याने जाऊन ट्रक घरी आणला, शेडमध्ये लावला आणि चहा मागितला. सगळं कुरुळी गाव म्हणालं, बापाला काळीज हाय का दगड? लोकांचं काय जातं बोलायला! दगड असता तरी बरं होतं, जड तरी लागला असता. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं.

ट्रक शेडमध्ये तसाच उभा राहिला. वय झालेलं, आरटीओचं पासिंग होणार नव्हतं. भंगारवाला येता-जाता रामराम घालायचा. रामरामात प्रेम किती आणि लोखंड किती, हे कळायला ज्योतिषी नको होता.

मग एक दिवस सून समोर येऊन उभी राहिली. साधना तशी कमी बोलणारी. "आबा, मी भोसरीला माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवायला शिकले. खराबवाडीच्या पाइप यार्डात काम आहे, पण मशीन आपलं पाहिजे. या ट्रकाचं करून द्याल? नाहीतर मी रांजणगावची कंपनी धरते. अनुयाला माझ्या आईकडे ठेवावं लागेल."

अनुया म्हणजे नात. तिचं नाव निघालं तेव्हा आजीने, शालनबाईंनी, पदर तोंडाला लावला. लक्ष्मणरावांनी पाना शोधायला घेतला.

चाकणच्या पट्ट्यात असा जुगाड काही नवा नाही. ट्रकाचा हौदा उतरवायचा, चासी म्हणजे खालचा सांगाडा आखूड करायचा, मागच्या जोडचाकांवर माल उचलणारे काटे वर-खाली करणारा मनोरा उभारायचा आणि इंजिनाच्या टोकाला लोखंडाचं वजन बांधायचं, म्हणजे माल उचलताना गाडी नाक घासत नाही. मागची बाजू झाली पुढची, स्टिअरिंग-ब्रेकही तिकडे फिरवायचे. तेवढ्यासाठी चाकं फिरवणारं डिफरन्शियल उलटं बसवायचं, नाहीतर पुढे जायला रिव्हर्सचा एकच गिअर उरतो. हे सगळं लक्ष्मणरावांनी यंत्रासारखं केलं. सीट मात्र राहिली. साधनाने विचारलं की ते म्हणायचे, "करतो की." सीटला रणजीतच्या बसण्याचा खळगा पडला होता. शेवटी एका दुपारी त्यांनी बोल्ट काढले, सीट उलटी फिरवली आणि बोल्ट आवळले. वाटलं काहीच नाही. जेवायला मात्र ते आले नाहीत.

वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं, म्हणून या दसऱ्याला पूजा करायची ठरली. पूजेनंतर यार्डाचा मॅनेजर मशीन बघणार होता. त्याने आदल्या दिवशीच पाइपांचा गठ्ठा अंगणात टाकून ठेवला होता. मशीनने उचलला तर काम, नाहीतर रामराम.

शालनबाई झेंडूचा हार घेऊन शेडमध्ये घुटमळल्या. "अवं, याचं त्वांड कुठलं आता?"

"काट्याकडलं," लक्ष्मणराव म्हणाले. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. साधना वर चढली, पदर खोचून सीटवर बसली. मॅनेजर अंगणात खुर्चीवर चहा घेत होता.

ट्रक शेडमध्ये कायम नाकाने आत जायचा आणि मागे मागे बाहेर निघायचा. रणजीत मिसरूड फुटल्यापासून तो काढायचा आणि बाप मागे उभा राहायचा. काट्याकडे तोंड आहे, हे आत्ताच सांगणारा माणूस इंजिन सुरू होताच सवयीने चालत दारात गेला, ट्रकाच्या मागे, म्हणजे आता बरोबर पुढे. हात वर केला.

"येऊ दे... येऊ दे... डावं मार... येऊ दे..."

काटे सरळ त्यांच्या छातीवर यायला लागले. साधनाला वाटलं, हटतील. म्हातारा हटेना. "आबा! बाजूला व्हा!" तिने करकचून ब्रेक दाबला. काट्यांची टोकं सदऱ्यापासून वीतभर राहिली.

लक्ष्मणरावांनी वर बघितलं. उभा जन्म त्यांनी इथून ट्रकाचा मागचा फाळकाच बघितला होता. पोरगं मागे न बघता नुसत्या बापाच्या आवाजावर यायचं. आरशात फार तर एक कान दिसायचा. आज पहिल्यांदाच चालवणाऱ्याचा सबंध चेहरा समोर होता. पांढराफटक, घामेजलेला. आणि तो रणजीतचा नव्हता.

साधनाने हँडब्रेक ओढला. कर्रर्र.

त्या आवाजासरशी म्हातारा खाली बसला. उंबऱ्यातच त्यांनी हंबरडा फोडला. "हँडब्रेक लावला हुता गं पोरानं... मला न्हाई हाक मारली, हँडब्रेक लावला!"

शालनबाई धावल्या, पण त्यांनी गप केलं नाही. नुसतं धरून बाजूला घेतलं. साधनाने डोळे पुसले, हँडब्रेक सोडला आणि मशीन अंगणात काढून गठ्ठा उचलला. मॅनेजरने थंड झालेला चहा खाली ठेवला. "उद्यापासून या, ताई," तो म्हणाला.

लक्ष्मणरावांना ते ऐकू गेलं नाही. ते अजून रडत होते.