न मारलेला टोमणा

काकांनी पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखानं सोलायला घेतला, तेव्हा सामना अजून सुरू व्हायचा होता. बाईंचं तोंड मात्र केव्हाच सुरू झालं होतं.

"काय हो एक्सरेकाका, रुमाल आणलाय ना? आज डोळे पुसायला लागेल."

"आणलाय की. तुमच्यासाठीच. तुमचा तो ढोलवाला बघा, हरायच्या आधीच रडवेला झालाय."

मागच्या दोन रांगा हसल्या. ही जोडी सगळ्यांना ठाऊक होती. दोघं एकाच हॉस्पिटलात नोकरीला. काका एक्सरे काढायचे, बाई खाली औषधांच्या खिडकीवर बसायच्या. काका टेकडीवरच्या कॉलेजात शिकलेले, बाई नदीकाठच्या. रोज एकमेकांच्या बास्केटबॉल टीमची पिसं काढल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे, आणि हे वीसेक वर्षं चाललं होतं. फायनलला ती दोघं मुद्दाम मधोमध बसत, टेकडीवाल्यांची निळी गर्दी संपून काठवाल्यांची पिवळी गर्दी सुरू होते तिथं. हरेल त्यानं दुसऱ्याच्या रंगाचा मफलर गळ्यात घालून कामावर यायचं, असा नियम होता. कुणी कुणाचं मनावर घ्यायचं नाही, हाही नियमच.

त्यात तीन वर्षांपूर्वी बाईंचा मुलगाच काठवाल्यांकडून खेळायला लागला. उंच, काटकुळा, लांब टांगांचा. त्याचं 'बगळा' हे बारसं काकांनीच केलं, आणि बघता बघता सगळ्या टेकडीवाल्यांनी ते नाव उचललं. बाई रागावल्या नाहीत. उलट घरीही त्याला बगळ्या म्हणूनच हाक मारू लागल्या.

तो बगळा आता खाली मैदानात उड्या मारत अंग मोकळं करत होता, आणि काकांची नजर त्याच्या पायांवरून हलत नव्हती.

मंगळवारी, आईची सुट्टी बघून, पोरगा एक्सरेला आला होता. पायाच्या हाडाला केसाएवढी चीर. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, दीड महिना पळायचं नाही. चीर वाढली तर पाय जन्माचा अधू होईल. पोरानं मुकाट मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र त्यानं काकांचा हात धरला.

"काका, आईला नका सांगू. मीच सांगेन."

"आणि फायनल?"

"नाही खेळत. शप्पथ."

पेशंटची गोष्ट खोलीबाहेर न्यायची नाही, हा हॉस्पिटलचा दंडक काकांनी आजवर कधी मोडला नव्हता. शिवाय काकांनी शब्द दिला होता आणि पोरानं शप्पथ घेतली होती. म्हणून ते निर्धास्त होते, अगदी आता मैदानात तो दिसेपर्यंत.

पंचानं शिट्टी दिली. बगळा पहिल्या पाचांत उभा होता.

खाली उतरून त्याच्या कोचला सांगावं, असं काकांच्या मनात आलं. पण गळ्यात निळा मफलर घातलेल्या माणसानं जाऊन म्हणायचं, की बाबा रे, तुझा हुकमी एक्का बाहेर बसव? शेंबडं पोरही फसलं नसतं. राहता राहिल्या बाई.

"बाई, आज पोराला बाहेर बसवा हो. ऐका माझं."

आसपास एकच हशा पिकला.

"काका घाबरले रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आली का पाया पडायची पाळी?" बाई म्हणाल्या. "बसवते हं. आधी आमची आघाडी तर होऊ दे."

"थट्टा नाही करत. त्याला झेपायचं नाही आज."

"त्याला झेपायचं नाही, की तुम्हाला?"

बाईंनी टाळीसाठी हात मागे केला आणि मागच्या पोरीनं ती खणखणीत दिली. ज्या तोंडानं इतकी वर्षं नुसत्या थापा मारल्या, त्या तोंडातून आलेलं खरंही आता थापच ठरत होतं. आपल्या जिभेचा त्यांना पहिल्यांदाच राग आला.

सामना चुरशीचा होता. बगळ्यानं लागोपाठ दोन बास्केट टाकले आणि पिवळी बाजू नाचली. काकांना चेंडू दिसतच नव्हता. उडी मारून खाली येताना पोरगा सगळा भार एकाच पायावर घेतोय, तेवढं त्यांना दिसत होतं. बाईंना ते दिसत नव्हतं. त्या फळ्यावरचे गुण बघत होत्या.

"कसा काय वाटला आमचा बगळा?"

"तुमच्या कोचचा टाय बघा," काका म्हणाले. "पडदा फाडून शिवलाय वाटतं."

"टायला काय करायचंय? पोराबद्दल बोला."

काकांनी बाटलीचा सोललेला कागद मुठीत चुरगाळला.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात ते झालं. बगळा चेंडूसाठी उंच उडाला, खाली आला आणि कोसळला. लगेच हात टेकून उठला, पंचाकडे बघून हसला, काही झालं नाही अशी खूण केली. निळी बाजू उसळून उभी राहिली.

"बगळा पडला! मासा सुटला!"

ही ओळही काकांचीच. मागून एकानं त्यांचा खांदा गदागदा हलवला.

"काका, उठा! तुमच्याशिवाय मजा नाही!"

बाईही त्यांच्याकडे वळल्या होत्या. हनुवटी वर, ओठांवर उत्तर तयार.

"मारा टोमणा. बसलेय मी."

काकांनी तोंड उघडलं. मग त्यांनी ते मिटलं आणि मान खाली घातली.

बाईंच्या चेहऱ्यावर हसू जरा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी मैदानाकडे बघितलं, परत काकांकडे बघितलं. भोवती कानठळ्या बसत होत्या, तरी त्यांचा आवाज काकांना स्पष्ट ऐकू आला.

"मघाशी बसवा म्हणालात, ती थट्टा नव्हती."

काकांनी मुठीतला कागद आणखी आवळला.

"कुठला पाय?"

पोरानं धरलेला हात काकांना आठवला. त्याला दिलेला शब्द आठवला, हॉस्पिटलचा दंडकही आठवला.

"डावा," ते म्हणाले.

बाई उठल्या. पर्स तिथंच राहिली. गुडघे आणि खांदे बाजूला सारत त्या पायऱ्या उतरू लागल्या. मागच्या रांगांना वेगळंच वाटलं.

"काय बोललात हो काका? बाई उठूनच गेल्या!"

"एका शब्दात गार! आम्हालाही सांगा की!"

कुणीतरी त्यांच्या पाठीत आनंदानं धपाटा घातला. काकांनी बाईंची पर्स उचलून मांडीवर घेतली.

खाली कोचनं आधी बाईंना हातानंच झटकलं. मग कान दिला. मग खेळ थांबवून मुलाला बोलावलं. बगळा मान हलवून नाही, नाही म्हणत राहिला, पण त्याच्या जागी दुसरा पोरगा मैदानात गेला, आणि निळ्या बाजूनं सगळं स्टेडियम डोक्यावर घेतलं. सामना आता टेकडीवाल्यांच्या खिशात होता.

बाकावर बसल्यावर बगळ्यानं आईकडे बघितलं नाही. त्यानं वर बघितलं, दोन रंग मिळतात तिथं, आणि काकांना शोधून काढलं. काकांना नजर चुकवावीशी फार वाटली. त्यांनी ती चुकवली नाही.

एवढ्या माणसांसमोर बाई बाकापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि मुलाच्या डाव्या बुटाची नाडी सोडू लागल्या. पोरगा जबडा आवळून काकांकडेच बघत होता. पाय मात्र त्यानं मागे घेतला नाही.