पोटान गोला

"तो चेस्ट नंबर काढ आधी! काढ म्हणते ना, धन्या!"

उन्नतीने धनेशच्या जर्सीची पिन ओढली. त्याने बहिणीचा हात झटकला. "तुझ्या सरांनीच लावलाय. जा, त्यांच्याशी भांड."

"सरांचं काय जातंय? पकडला गेलास तर अख्खं कॉलेज बाद! दुपारी माझी पंधराशेची फायनल आहे, येड्या. तीन वर्षं घासतेय मी त्यासाठी."

हे धनेशला कोणी सांगितलंच नव्हतं. उन्नतीच्या कॉलेजचे कोच श्यामसुंदर सर एवढंच बोलले होते, की आठशे मीटरवाल्या उदयसिंहचा घोटा सुजलाय, तू त्याचं कार्ड घे आणि पळ. फोटो धूसर आहे, कोण बघतंय? नववीतच शाळेला रामराम ठोकलेला पोरगा, कॉलेजची जर्सी अंगावर चढली तसा हुरळला.

"आठशे मीटर मुलं, शेवटचा कॉल!" भोंगा खेकसला.

सर धावत आले आणि त्याला हजेरीच्या मांडवाकडे ढकलत पुटपुटले, "कराडचा तू. होस्टेलला राहतो. जास्त बोलायचं नाय."

मांडवात टेबलामागे एक म्हातारे पंच बसले होते. छातीवर बिल्ला, दत्तू भोईर. नाव विचारायचे, कार्ड बघायचे, यादीत टिक मारायचे. धनेशच्या पुढच्या पोराचं कार्ड त्यांनी दोनदा उलटं केलं. एरवी कुणी नुसतं रोखून बघितलं तरी हात उचलणारा धनेश आता स्वतःचीच बोटं दाबून धरून उभा.

"नाव?"

"उदयसिंह जाधव."

"गाव?"

"कराड."

पंचांनी फोटो बघितला. मग त्याला बघितलं. परत फोटो. पेन यादीवर टेकलं आणि म्हातारा एकदम हसला.

"घामानी भिजलास रं पोरा. पानी पी जरा."

बोली अगदी धनेशच्या बोनकोड्याच्या घरातली, आगरी. धनेशचा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच जीभ घसरली.

"नको काका. पोटान गोला आलाय."

पेन थांबलं.

"पोटान?" पंच हळूच म्हणाले. "कराडला 'पोटात'ला 'पोटान' कवापासून म्हनाया लागले रं?"

दोरीपलीकडे उन्नती उभी होती, ओढणीचं टोक दातात धरून. तिने सगळं ऐकलं होतं.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. आवाज आणखी बारीक केला. "टिक झाली की तू उदयसिंह. मंग मना वरती सांगावाच लागल, कॉलेज जाईल. टिक नाय झाली, तर पोरगा आलाच नाय. गैरहजर. कलला?"

मागून सर ओरडले, "काय झालं? पाठवा की त्याला!"

धनेशने टेबलावरचं कार्ड झडप घालून उचललं. चेस्ट नंबर ओढला, तशी पिनेने जर्सी टर्रकन फाटली.

"काका, मी नव्हतोच इथं. मना जावाचाय आता."