माझ्यावर भरवसा नाही का?

गाडीच्या आतल्या कुरबुरींवर इलाज हवा असेल, तर बसस्टँडसमोरच्या व्लास्तिमिरच्या टपरीवर जायचं, हे इबार नदीकाठच्या त्या गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. बेल्ट मानेला काचतो? ही घ्या लोकरीची खोळ. थंडीत स्टिअरिंग बर्फासारखं लागतं? हे मेंढीच्या कातड्याचं कव्हर. नव्या गाड्यांत काचेवरचं धुकं घालवायचं बटणच सापडत नाही. सगळा कारभार त्या चकचकीत पडद्यात, तीन ठिकाणी बोट दाबावं तेव्हा कुठे वारा सुटतो, आणि तोवर समोरचा ट्रक अंगावर येतो. त्यावर मात्र व्लास्तिमिरकडेही उपाय नव्हता. तो जुन्या टॉवेलचा एक तुकडा तसाच देऊन टाकी.

पण सगळ्यांत मोठी कटकट म्हणजे ती टिंगटिंग! बेल्ट लावला नाही की गाडी ओरडते. शेजारच्या सीटवर बटाट्यांची पिशवी ठेवली तरी ओरडते, जणू बटाट्यांचाही जीव धोक्यात आहे!

"अरे, माझी सासूसुद्धा एवढी बोलत नाही," टॅक्सीवाला ग्रुयित्सा टपरीच्या फळीवर पोट टेकवून म्हणायचा.

"सासूला क्लिप बसत नाही, गाडीला बसते," असं म्हणून व्लास्तिमिर खिळ्यावरून एक क्लिप काढून द्यायचा. बेल्ट नाही, नुसतीच लोखंडी क्लिप. ती सीटच्या बाजूच्या खाचेत खोचायची, की गाडीला वाटतं माणसाने बेल्ट लावला. गाडी गप्प, माणूस मोकळा. त्याच खिळ्याशेजारी संत निकोलाच्या छोट्या तसबिरी टांगलेल्या असत, समोर काचेखाली चिकटवायला. प्रवाशांचा रक्षणकर्ता तो! लोक दोन्ही एकदमच घेत.

रस्त्यापलीकडच्या बेकरीतून देसांका हे सगळं बघत असे. कणीक तिंबता तिंबता ती बघे, आणि तिच्या मुठी कणकेत जरा जास्तच खोल जात.

तिचा धाकटा भाऊ मिलुतिन गेल्याला दहा महिने झाले होते. व्लास्तिमिर त्याचा कूम. लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला, त्याच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतलेला. कुमाचं नातं रक्ताच्या वर मानतात. कुमाशी भांडण म्हणजे देवाशी भांडण. फेब्रुवारीत दोघे व्लास्तिमिरच्या गाडीतून सरपणाची लाकडं बघायला निघाले; चालवत होता व्लास्तिमिर. पुलाजवळच्या वळणावर बर्फ होतं, गाडी घसरली आणि पॉप्लरच्या झाडावर गेली. व्लास्तिमिरच्या दोन बरगड्या मोडल्या. मिलुतिन काचेतून बाहेर फेकला गेला.

हॉस्पिटलच्या बाकावर, पहिल्या तासात, व्लास्तिमिर देसांकाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता. "तो बेल्ट ओढत होता गं, देसांका. खाच शोधत होता. खाचेत माझी क्लिप. मीच म्हणालो, कूम, माझ्यावर भरवसा नाही का? तर तो लाजला. हसला, आणि बेल्ट सोडून दिला."

एकदाच बोलला, तिच्यापाशी. पुढे पोलिसांसमोर बोलला नाही, कोर्टातही नाही. निकालाच्या कागदावर बर्फाचा दोष आला, आणि खाली एक ओळ: मृताने सीटबेल्ट लावला नव्हता. मिलुतिनची बारा वर्षांची नेदा एकदा शाळेतून आली आणि आत्याला म्हणाली, "बाबा निष्काळजी होते का गं? सगळे म्हणतात."

त्या दिवशी देसांकाने ठरवलं. त्याने जे माझ्या कानात सांगितलं ते साऱ्या गावासमोर ओकायला लावीन. आणि ओकताना त्याचा घसा सोलून निघेल असं करीन!

तिने क्लिपा गोळा करायला सुरुवात केली. पावासाठी येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला ती म्हणे, "तुझ्या गाडीतली ती क्लिप दे मला. मिलुतिनच्या आत्म्यासाठी." मेलेल्याच्या आत्म्यासाठी मागितलेलं आपल्याकडे कुणी नाकारत नाही. दूधवाल्याने दिली, गुरांच्या डॉक्टरने दिली. ग्रुयित्सा तेवढा कुरकुरला. "बाई, आत्म्यासाठी मेणबत्ती लावतात, मेणबत्ती! आणि माझ्या या पोटावरून बेल्ट जातो तरी का?" पण त्यानेही काढून दिली. डिसेंबर उजाडला तेव्हा पिठाच्या पिशवीत एक्केचाळीस क्लिपा झाल्या होत्या.

व्लास्तिमिरच्या घराण्याचा कुलसंत निकोला. एकोणीस डिसेंबर हा त्यांचा दिवस. त्या दिवशी घराचं दार उघडं असतं. आमंत्रण कुणाला द्यायचं नाही आणि आलेल्याला परतवायचं नाही. घरधनी दिवसभर बसत नाही, उभा राहून सगळ्यांना वाढतो. तीस माणसं असतील, मधोमध मेणबत्ती, गोल पाव, अक्रोड घातलेल्या शिजवलेल्या गव्हाचा प्रसाद. त्या गव्हावर ती पिशवी उलटी करायची. मग विचारायचं, "कूम, किती भरवसा विकलास?" वाक्य तिने पाठ केलं होतं. भट्टीसमोर उभी राहून ते ती रोज पुटपुटे, आणि तिला बरं वाटे.

त्या दिवशी दुपारी तिने पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि गाडी काढली. चर्चच्या फाटकाशी फादर रादिवोय हात करून उभे. थंडीने त्यांच्या गाडीची बॅटरी बसली होती, आणि सणाचा पाव कापायला त्यांना व्लास्तिमिरच्याच घरी जायचं होतं.

फादरांचा गळा म्हणजे देवाची देणगी. बोलता बोलता ते कधी गाऊ लागत हे त्यांनाही कळत नसे. रविवारी उपदेशाला उभे राहिले की एखादं वाक्य असं सुरात चढायचं, की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धारा. मिलुतिनच्या अंत्यविधीच्या प्रार्थनेला ते गायले होते, त्या सुराच्या आधाराने देसांका त्या दिवशी पायांवर उभी राहिली होती.

"थांबा, फादर," ती म्हणाली. शेजारच्या सीटवरचं पावाचं क्रेट तिने उचललं, खालचं फडकं झटकलं आणि क्रेट मागे ढकललं. फादर झग्याचा घोळ सावरत बसले, दार लागलं, गाडी निघाली. त्यांनी खांद्यावरून बेल्ट ओढला आणि खाच चाचपू लागले. सापडेना.

"राहू द्या हो," देसांका रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "चार किलोमीटर तर जायचंय. माझ्यावर भरवसा नाही का?"

गाडी तशीच पन्नासेक पावलं गेली असेल.

मग देसांकाने ब्रेक दाबला. गाडी कडेच्या बर्फात घुसून थांबली. तिने मान वळवून फादरांच्या मांडीशेजारी पाहिलं. खाचेत क्लिप होती. तिचीच. तीन वर्षांपूर्वी पावाच्या क्रेटला गाडी ओरडते म्हणून तिने समोरच्या टपरीवरून आणलेली. त्या सीटवर माणूस कधी बसत नसे, वर सदा फडकं आणि क्रेट. साऱ्या गावाच्या गाड्या धुंडाळल्या, आणि आपल्या कमरेपासून हातभर अंतरावरची दिसली नाही!

"फादर..." ती म्हणाली, आणि तिची नजर मागच्या सीटवरच्या पिशवीकडे गेली.

फादरांच्या हातात बेल्ट तसाच होता. "त्या पिशवीत काय आहे, पोरी?"

तिने सांगितलं. सगळं. हॉस्पिटलच्या बाकावर ऐकलेलं, गव्हावर ओतणार तेही, आणि पाठ केलेलं वाक्यही.

"त्याच्या घशाखाली घास उतरू नये म्हणून?"

"हो! मरेपर्यंत उतरू नये!"

"एक्केचाळीस त्याच्या ताटात." फादर हळू आवाजात म्हणाले. "आणि ही बेचाळीसावी? ही कुणाच्या ताटात वाढायची?"

देसांका उसळली. "माझ्या क्लिपने कुणी मेलं नाही!"

"नाही मेलं. आज रस्त्यावर बर्फ कमी आहे म्हणून." फादरांनी त्या क्लिपवर बोट ठेवलं. "रागावू नकोस. तू आत्ता 'माझ्यावर भरवसा नाही का' हे मला मारायला म्हणालीस का?"

"काय बोलता, फादर!"

"मग तोही मारायला म्हणाला नव्हता. प्रेमानेच म्हणाला. हेच तर आपल्या लोकांचं विष आहे, पोरी. पाहुण्याने बेल्टला हात घातला की आपला अपमान होतो. अरे, भरवसा माणसावर असतो, बर्फावर कुणी ठेवलाय? पुढच्या ट्रकवाल्याच्या झोपेवर कुणी ठेवलाय?" आणि बोलता बोलता त्यांचा आवाज सुरात चढला, त्या एवढ्याशा गाडीत, धुक्याने पांढऱ्या झालेल्या काचांच्या मध्ये. "निकोला धावून येतो वादळात, निकोला हात देतो बुडत्याला... आणि आपण काय करतो? त्याची तसबीर काचेखाली चिकटवतो, आणि त्याने दिलेला हात क्लिप लावून बंद करतो!"

देसांका स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडली. दहा महिन्यांत अशी रडली नव्हती.

"म्हणजे सोडून देऊ त्याला?" डोळे पुसत तिने विचारलं. स्वर अजून कडवटच होता. "नेदाने जन्मभर निष्काळजी बापाची पोर म्हणून जगायचं?"

"मी सोड म्हणालो? खरं वदवून घे. त्या पोरीचा तो हक्क आहे. पण लोकांनी त्या क्लिपा मिलुतिनच्या आत्म्यासाठी दिल्यात. त्याचं नाव घेऊन मागितलंस, तर त्याला शोभेल असंच वापर."

देसांकाने लाल बटण दाबून क्लिप काढली आणि पिशवीत टाकली. फादरांचा बेल्ट तिने स्वतःच्या हाताने लावला.

व्लास्तिमिरच्या घरी माशाच्या रश्श्याचा वास सुटला होता. देसांका दारात दिसताच टेबलाभोवतीचं बोलणं तुटलं. दहा महिने तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. व्लास्तिमिर हातात सुरई घेऊन उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "ये, देसांका," एवढंच तो म्हणाला. परतवायचं नसतंच.

फादरांनी पाव हातात घेतला, घरच्यांनी कडेला हात लावले, सगळे मिळून गाऊ लागले आणि पाव गोल फिरू लागला. देसांका गायली नाही. गाणं संपलं तशी ती पुढे झाली. पिशवी तिने टेबलावर ठेवली. उलटी केली नाही. नुसती ठेवली, तरी आतलं लोखंड खणखणलं.

"कूम," ती म्हणाली, "यात तुझ्या टपरीवरच्या बेचाळीस क्लिपा आहेत. तुझ्या गव्हावर ओतायला निघाले होते. तुला घास गिळता येऊ नये म्हणून. पण बेचाळीसावी माझ्या गाडीतली निघाली. आणि वाटेत मी फादरांना तेच म्हणाले, जे तू मिलुतिनला म्हणालास."

"देसांकाबाई, सणाचा दिवस आहे," ग्रुयित्सा चमचा खाली ठेवत म्हणाला. "कशाला उकरून काढायचं? बसा, मासा गार होतोय."

"तू गप रे!" हे व्लास्तिमिर ओरडला. सुरई खाली ठेवायचंही त्याला सुचेना. "काय म्हणालो ते सांगतो. मीच सांगतो. मिलुतिन बेल्ट लावत होता. ऐकताय ना सगळे? लावत होता तो! मी त्याला लाजवलं. कूम, माझ्यावर भरवसा नाही का, असं म्हणालो मी. निष्काळजी तो नव्हता, मी होतो."

त्याची बायको कोसारा पदराने तोंड झाकावं तशी ओढणी तोंडावर दाबून खाली बसली.

"मग अजून विकतोस कशाला त्या?" देसांकाने विचारलं. हा प्रश्न तिने पाठ केलेला नव्हता.

"विकणं थांबवलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, का थांबवलंस," व्लास्तिमिर म्हणाला. "मग सांगावं लागलं असतं."

किती साधं उत्तर! एका खोट्याला झाकायला रोज खिळ्यावर नवीन क्लिप टांगायची. देसांकाला वाटलं होतं, हा माणूस दगड आहे. दगड कसला, घाबरलेला माणूस होता.

"सोमवारी कोर्टात जाशील. लिहून देशील. नेदासमोर उभा राहून तिला सांगशील," ती म्हणाली.

"जाईन. सांगेन."

"मी तुला माफ केलेलं नाही, कूम."

"मी मागितलीही नाही," तो म्हणाला, आणि तिच्यासमोर गव्हाचं ताट धरलं. देसांकाने मिलुतिनचं नाव घेऊन छातीवर क्रूसाची खूण केली आणि एक चमचा गहू तोंडात टाकला.

दिवस कलायच्या आत पाहुणे निघाले. घरधन्याने पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवायचं असतं. व्लास्तिमिर नुसत्या सदऱ्यावर बर्फात उभा राहिला आणि प्रत्येक गाडीच्या खिडकीशी वाकला. "बेल्ट लाव. शेजारच्याचा आधी." ग्रुयित्साने तीनदा ओढून पाहिला, श्वास धरून पोट आत घेतलं, आणि शेवटी खट्ट झालं. "बघा, जातो की!" तो स्वतःच चकित होऊन म्हणाला. सगळ्यात शेवटी देसांकाची गाडी होती. फादर आत बसून आधीच बेल्ट लावून गुणगुणत होते.

मित्रहो, गाडीची ती टिंगटिंग कानाला नकोशी वाटते हे खरं. बेल्ट काचतो हेही खरं. त्यावर खोळ घाला, सीट पुढेमागे करा, पण तिचं तोंड बंद करू नका. आणि तुमच्या शेजारी बसलेला माणूस बेल्टला हात घालील, तेव्हा स्वतःचा मान आड आणू नका. त्याच्या घरी कुणीतरी ताट वाढून वाट बघतंय, एवढंच त्या हाताला ठाऊक असतं. त्याला खाच शोधून द्या. सूड उगवायचाच असेल तर त्या लाजेवर उगवा, जिच्यापायी चांगली चांगली माणसं बेल्ट सोडून देतात.