चिमूटभर शिरा
"आधी डबा उघडा," मी दारातच म्हटलं.

समर्थच्या बाबाने, संदेशने, कपाळाला हात लावला. "काकी, पोळी-भाजी आहे हो! हे पाळणाघर आहे की विमानतळ?"

"काय समजायचं ते समजा. उघडा."

पोळी-भाजी होतीच, पण कोपऱ्यात एक लाडूही निघाला. त्यात काजू आहे की नाही हे बघत बसायला मला वेळ नव्हता. लाडू मी त्याच्या हातात परत दिला. संदेश पुटपुटत गेला. जाऊ दे! ईशा यायला लागल्यापासून माझ्या जिवाला काय घोर लागलाय, ते त्याला कुठून कळणार?

ईशा चार वर्षांची. काजूचा कण पोटात गेला तरी तिचा घसा आवळतो. आणि राहते कुठे, तर रत्नागिरीत, जिथे या दिवसांत घरोघरी काजूगराची उसळ शिजते. माझ्या घरात ती बंद झाली, म्हणून आमच्या ह्यांचं तोंड अजून वाकडंच आहे.

ईशाचे वडील बोटीवर. त्यांनी बाहेरच्या देशातून अशा वेळी टोचायचं इंजेक्शन आणलं, जाड्या पेनासारखं. तिची आई राजश्री जयगडला बंदराच्या ऑफिसात. तिने मला सगळं नीट शिकवलं. निळं टोपण ओढायचं, नारिंगी टोक मांडीला बाहेरून जोरात दाबायचं आणि धरून ठेवायचं. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, देवा, ही वेळ माझ्यावर आणू नकोस रे. पेन फडताळात ठेवलेलं. कामात असले तरी मधेच उठून बघून यायचे, आहे ना जागेवर.

"किती गो ती वळवळ! जरा टेक की एका जागी," शेजारच्या येसूबाई म्हणायच्या.

त्या दिवशी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. दुपारी त्या सोवळ्याच्या पातळातच वाटी घेऊन आल्या. पोरं गोळा झाली. लाडू, बिस्किटं, वाढदिवसाचा केक, सगळ्यांवर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. पण प्रसादाला कोण खाऊ समजतं?

"ईशा, उजवा हात पुढे कर," मीच म्हटलं. "आणि येसूआजीच्या पाया पड."

पोरीने चिमूटभर शिरा खाल्ला, हात चाटला आणि ठोकळ्यांशी खेळायला बसली. मी आमटीला फोडणी घालून बाहेर आले, तर ही ओठ चोळत होती.

"काकी, तोंडात टोचतंय."

ओठ सुजला होता. गळ्यावर गांधी उठल्या होत्या.

"येसूबाई, शिऱ्यात काय घातलंत?"

"काय म्हणजे? रवा, तूप, साखर, केळं. आणि आपल्या बागेतल्या काजूची थोडी पूड. देवाचं काम ना गो."

अगं बाई गं! मी धावत फडताळातलं पेन काढलं. मी राजश्रीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना.

"पित्त उठलंय तिला. आमसूल कोळून लाव," येसूबाई म्हणाल्या. "प्रसादाने कधी कुणाचं वाईट झालंय काय?"

पेन माझ्या हातात होतं, पण टोपण ओढवेना. दुसऱ्याचं पोर. टोचलं आणि भलतंच काही झालं तर? पण ईशाला खोकला सुटला, आवाज घोगरा झाला आणि श्वास शीळ घातल्यासारखा वाजायला लागला.

"येसूबाई, पाय धरा तिचा!"

"मी नाय गो, मला भ्या वाटतं..."

"धरा म्हणते ना!"

त्यांनी डोळे मिटून पाय धरला. मी टोपण ओढलं आणि फ्रॉकवरूनच दाबलं. खट्कन वाजलं. ईशा किंचाळली. मीही रडत होते, पण हात हलू दिला नाही. मग एकशे आठला फोन केला, तिला आडवी केली, पायांखाली उशा दिल्या. बाकीची पोरं येसूबाईंवर सोपवून मी गाडीत बसले.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर दिलंत. मला ते कौतुक नको होतं.

राजश्री धावतच आली. "काय खाल्लं तिने?"

"प्रसाद. मीच हात पुढे करायला लावला."

ती लेकीशेजारी बसली, तिच्या गळ्यावरच्या गांधींवरून बोट फिरवत राहिली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "घरी मीपण तिला तेच सांगते हो काकी."

ईशा आता परत यायची नाही, असं मी धरूनच चालले होते. पण चार दिवसांनी राजश्रीने तिला दारात आणून सोडलं आणि घरी ठेवलेलं दुसरं पेन माझ्या हातात दिलं. नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ऑफिसची बस चुकेल म्हणून ती मागे न बघता पळाली.

दुपारी मऊभात कालवून मी ईशासमोर बसले, घास पुढे केला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"यात काजू आहे?"

"नाही गं राणी."

"देवाशप्पथ?"

"देवाची राहू दे बाळा," मी म्हटलं. "माझी शप्पथ."

तिने हात खाली घेतले आणि घासातलं एकच शीत उचलून जिभेवर ठेवलं. मग ते न गिळता ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.